सावकाराचा रोखा आणि क्रेडिट कार्ड

गेल्या महिन्यांत बोळिंज येथें बसल्या जागीं माझ्या मोबाइलवर संदेश आला, कीं क्रेडिट कार्डावर अमुक दुकानीं खरेदी झाली. तें दुकान मीं पाहिलेंही नव्हतें! बँकेंतील तरुण म्हणाला, "आजोबा, नीट आठवून पाहा." मला आठवलें तें सुपें.

पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः रोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनीं जाळले. खत सावकारानें लिहवावें, निरक्षर कुळानें त्याखालीं नांगराची निशाणी करावी, फेडीची पावती मात्र बहुधा मिळूं नये, अशी रीत होती. कोर्ट खत पाही, व्यवहार पाहत नसे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशास व्यवहाराच्या आरंभापासून चौकशी करावयास लाविलें. कुळास लेखी पावतीचा व वार्षिक हिशेबाचा हक्क दिला. सावकारांनींही पळवाट काढली. गहाणाऐवजीं खरेदीखतें होऊं लागलीं.

रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत हेंच सूत्र धरिलें. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिऱ्हाइताचा असेल, आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविलें, तर ग्राहकास भुर्दंड नाहीं. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर. गुप्त क्रमांक आपणच कोणास सांगितला असेल, तर गोष्ट निराळी.

मीं दुसऱ्याच दिवशीं लेखी तक्रार दिली. त्या तरुणानें पोंच दिली. तींत तारीख नव्हती, ती मीं घालून घेतली.