मुंबईला माल नेणाऱ्या पिकअपसाठी इंजिन ऑइलची निवड

दादरच्या मीनाताई ठाकरे फूल बाजारात झेंडू, शेवंती पोचविणारी पिकअप महामार्गावर सलग धावते. पुढे परळ, लालबाग, गिरगावच्या गर्दीत तीच गाडी इंजिन सुरू ठेवून रांगेत उभी राहते. अशा वेळी किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र झिजत राहते. म्हणून ऑइल निवडताना पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

दाटपणा (ग्रेड)
- १५डब्ल्यू-४० मधील पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा १०० अंश सेल्सिअस तापमानातील दाटपणा दर्शवितो.
- वाहनाच्या पुस्तिकेतील ग्रेडच वापरावी. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरू नये. जाड ऑइल इंजिनातील बारीक फटींत उशिरा पोचते आणि डिझेलही जास्त लागते.

दर्जा
- एपीआय दर्जात ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोलसाठी (उदा. एसपी), तर ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी (उदा. सीआय-४, सीके-४) असतात.
- १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. धूरकण गाळणी (डीपीएफ) असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. जास्त राखेच्या ऑइलने गाळणी चोंदते आणि ती बदलणे फार खर्चिक असते.
- सतत संथ वाहतुकीत ही गाळणी पुरेशी तापत नाही. ती साफ होताना थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसल्यास आनंद मानू नये, मेकॅनिकला दाखवावे.

घरातील ड्रम वापरताना
ट्रॅक्टरच्या गिअर, हायड्रॉलिक व ऑइल ब्रेकचे ऑइल इंजिनात कधीही टाकू नये. कारचे ऑइल मोटारसायकलमध्ये टाकल्यास क्लच घसरू शकतो. तिला ‘जासो एमए’ दर्जाचे ऑइल लागते.

तपासणी व बदल
- गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर ५ ते १० मिनिटांनी पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी.
- पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा फिल्टरसह ऑइल बदलावे. मुंबईच्या नेहमीच्या फेऱ्यांसाठी ‘खडतर वापर’ या रकान्यातील कमी अंतर धरावे.
- सीलबंद डबा पक्क्या बिलावर घ्यावा. रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा. त्यात बनावट ऑइल भरून विकले जाऊ शकते.

जळके ऑइल
वाळवीसाठी खांबांना, झाडांच्या बुंध्यांना लावणे किंवा बांधावर ओतणे टाळावे. त्यातील जड धातू माती व विहिरीच्या पाण्यात उतरतात. हा घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठविणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावा.