औषध पखालीला

'रोग हल्याला अन् औषध पखालीला' ही म्हण आमच्या वऱ्हाडात सर्वांच्या तोंडी आहे. आजारी पडला हल्या, म्हणजे रेडा, आणि उपचार मात्र त्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीवर, असा त्यातला टोमणा. पण एखाद्या पखाल्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, बाबांनो, औषध पखालीलाही लागतेच! उन्हात तापणारे आणि पाण्यात भिजणारे कातडे तेलावाचून फार दिवस टिकत नाही. या औषधाचा इतिहास हा आमचाही इतिहास आहे. आम्ही तो लिहिला नाही, एवढेच.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. या मार्गावर बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यान धामणगाव स्टेशन आहे. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी येथे येई. दत्तापूर-धामणगावची बाजारपेठ वाढली ती या कापसावर. माणसे, बैल आणि धूळ एकत्र आली की पाणी आधी लागते. नळ येण्यापूर्वी अशा बाजारगावांतून पाणी वाहण्याचे आणि रस्त्यावर शिंपडण्याचे काम पखाली करत. रेल्वेच्या फलाटांवर तर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी सरळ वाटणीच होती. हिंदू उतारूंना पाणीपांडे पाणी पाजी, मुसलमानांना भिश्ती. 'भिश्ती' हा शब्द 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग यावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याला याहून मोठा किताब कोणता द्यायचा?

भिश्त्याची मशक बकऱ्याच्या अखंड कातड्याची. कातडे न चिरता सोलून काढायचे, म्हणजे शिवण कमी आणि गळती कमी. पखाल मोठी, जाड कातड्याची, जनावराच्या पाठीवर लादायची. दोन्हींचे कातडे बाभळीच्या सालीसारख्या तुरट द्रव्यात कमावलेले. कमावल्याने कातडे कुजत नाही, पण पाणी अडवण्याचे काम तेल-चरबीचे. त्यातही तारतम्य हवे. पाझर अगदीच बंद केला तर पाणी गार होत नाही, कारण बाहेर आलेला ओलावा वाऱ्याने उडतो तेव्हाच आतले पाणी निवते. पाझर वाढू दिला तर घरी पोचेपर्यंत पखाल निम्मी व्हायची. शिवाय पिण्याच्या पाण्याला तेलाचा वास येता कामा नये.

विहिरीवरच्या मोटेला ही अडचण नव्हती. तिचे पाणी पिकाला जाई, म्हणून तिला करडीचे काळे तेल चाले. जॉर्ज वॅट यांच्या भारतीय उत्पादनांवरील कोशात (१८८९ ते १८९३) या तेलाची रीत दिली आहे. एक मडके जमिनीत पुरायचे, त्यावर भोकाची थाळी ठेवायची, वर करडीने भरलेले दुसरे मडके पालथे घालायचे आणि भोवती गोवऱ्या पेटवायच्या. धगीने निघालेले तेल खालच्या मडक्यात उतरते. ते काळे, चिकट, खाण्याच्या किंवा दिव्याच्या कामाचे नाही. मात्र विहिरीचे दोर आणि सतत पाण्यात राहणारे कातडे यांना ते उत्तम. करडीचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते आणि त्याचा पापुद्रा धरतो, हे त्यातले मर्म. तिकडे पेशावर भागात रानकरडीचे तेल तासन् तास कढवून 'रोगन' करत. फारसीत रोगन म्हणजे तेल. मराठीने तोच शब्द 'रोगण' म्हणून घरात घेतला आणि आता तो परका वाटतही नाही.

इतिहासात एक भिश्ती मात्र अजरामर झाला. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायूं गंगेत बुडत असताना निजाम भिश्त्याने फुगवलेल्या मशकेच्या आधाराने त्याला वाचवले. बादशहाने त्याला थोड्या वेळापुरते तख्तावर बसवले. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. पण हवासुद्धा बाहेर जाऊ न देणारी ती मशक कमावली कोणी, शिवली कोणी, हे कोणी विचारत नाही.

आमच्या गावांतून ते काम ढोर-चांभार समाजाचे होते. कमावलेले कातडे पाक होते, असे पैगंबरसाहेबांचे (स.) वचन हदीसमध्ये आहे. म्हणजे आमच्या धर्माने कातड्याचा विटाळ मानला नाही. गावगाड्याने मात्र कातडे वापरले आणि ते कमावणारा हात दूर ठेवला. महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमानांना पाणी भरता येई, अस्पृश्यांना नाही. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच अन्यायाविरुद्ध. पखाल ज्याने केली त्यालाच पाण्याची बंदी, आणि ती पखाल पाठीवर घेऊन आम्ही मोकळे! त्या सवलतीचा हिशेब आम्ही केला आहे का?

आणि आमच्या घरातले काय? इस्लाममध्ये जात नाही, हे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. पण सोयरिकीची वेळ आली की पखाली कोण, पिंजारी कोण, कसाई कोण, हे विचारतोच. १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा आमच्यातलेच अनेकजण अस्वस्थ झाले.

आज मोटेच्या जागी पंप आहे, पखालीच्या जागी नळ आणि टँकर. कातडे गेले, करडीचे काळे तेलही विस्मरणात गेले. त्याची हळहळ करण्याचे कारण नाही. ती मेहनत फार जीवघेणी होती. पण नवाबांच्या आणि शायरांच्या आठवणी जपणाऱ्या आम्ही, पाणी पाजणाऱ्यांचा आणि पखाल घडवणाऱ्यांचा इतिहासही तेवढ्याच आदराने लिहिला पाहिजे. नाहीतर म्हण आम्हालाच लागू पडेल. रोग मनातल्या उच्चनीचतेचा, आणि औषध आपले भलत्याच जागी!