गरब्याच्या पावलांतून वीज : मोबाइल नाही, पण सेन्सर चालेल

बडोदा : नवरात्रात बडोद्याच्या गरबा मैदानांवर हजारो पावलं एका ठेक्यात पडतात. ही ताकद जमिनीत जिरते. तिची वीज करता येईल का? येते. त्यासाठीच्या उपकरणाला ‘ट्राइबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर’ म्हणतात. मात्र वीज किती मिळते आणि कशाला पुरते, हा हिशेब आधी पाहायला हवा.

तत्त्व काय?
हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज. दोन वेगळे पदार्थ टेकून अलग झाले की एकावर धनप्रभार, दुसऱ्यावर ऋणप्रभार राहतो. काच, नायलॉन, लोकर, रेशीम सहसा धन बाजूला. टेफ्लॉन, पीव्हीसी, सिलिकॉन रबर ऋण बाजूला.

2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग यांच्या गटाने यावर उपकरण बनवलं. दोन पातळ थर आणि दोघांच्या पाठीला धातूचा मुलामा. पाऊल पडलं की थर टेकतात, उचललं की सुटतात. दर वेळी तारेतून प्रवाह उलटसुलट वाहतो. रेक्टिफायरने तो एका दिशेचा करून कपॅसिटरमध्ये साठवतात.

हिशेब काय सांगतो?
व्होल्टेज शेकड्यांत जातं, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अगदीच नगण्य. समजा, सरासरी 1 मिलिवॅट मिळाली. मोबाइलच्या 5000 एमएएच बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात. ती भरायला 19 हजार तास, म्हणजे दोन वर्षांहून जास्त लागतील. उलट मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचं काम काही मायक्रोवॅटमध्ये भागतं.

उपयोग कुठे?
मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत मोटार किंवा बेअरिंग बिघडण्याआधी त्याची थरथर बदलते. ती टिपणारा सेन्सर त्याच थरथरीवर चालला, तर सेल बदलत बसावं लागणार नाही.

आयआयटी दिल्लीत प्रा. नीरज खरे यांच्या गटाने 2021 मध्ये पावसाचे थेंब आणि पाण्याच्या धारेतून काही मिलिवॅट देणारं उपकरण मांडलं. त्यात पाणी हाच एक थर असतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलं होतं. अशा वेळी वीजपुरवठा खात्रीचा नसतो. पाण्याची पातळी कळवणारा छोटा सेन्सर स्वतःच्या विजेवर चालला, तर त्याचं मोल मोठं.

अडचणी कोणत्या?
दमट हवेत प्रभार लवकर गळतो, म्हणून उपकरण हवाबंद करावं लागतं. सतत घासून थरही झिजतात.

थोडक्यात, गरब्याच्या रोषणाईला तारेचीच वीज लागणार. पावलांची वीज उपयोगी पडेल ती पावलं मोजणाऱ्या इवल्याशा सेन्सरला.