शिंग वाजलं की फाटक उघडायचं! घोड्यांच्या टपालगाडीवर इंग्लंडमधली गावं कशी जगली आणि कशी ओस पडली?

साधारण २०० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या टोलनाक्यावर रात्री लांबून शिंगाचा आवाज आला, की नाकेदार धावत जाऊन फाटक उघडायचा. येणाऱ्या गाडीला टोल माफ होता आणि तिला थांबवायला परवानगी नव्हती. ही गाडी म्हणजे 'मेल कोच', चार घोड्यांची सरकारी टपालगाडी.

ही कल्पना कोणाची?

त्याआधी टपाल घोडेस्वार पोऱ्यांकडून जायचं. वाटेत लूटमार ठरलेली. ब्रिस्टलहून लंडनला, म्हणजे सुमारे १९० किलोमीटरवर, पत्र पोहोचायला ३८ तासांपर्यंत वेळ लागायचा. बाथ आणि ब्रिस्टलमध्ये नाट्यगृहं चालवणारे जॉन पामर यांनी टपाल बंदिस्त गाडीतून, सशस्त्र गार्डसोबत पाठवण्याची योजना मांडली. पंतप्रधान विल्यम पिट यांनी त्यांना पाठिंबा दिला. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी ४ वाजता पहिली गाडी ब्रिस्टलहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ च्या आत लंडनमध्ये पोहोचली. ३८ तासांचं काम १६ तासांत झालं.

इतका वेग आला कुठून?

खरी गंमत इथेच आहे. भरधाव पळणारा घोडा १५-१६ किलोमीटरमध्ये थकतो. म्हणून दर टप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवलेले असायचे. शिंग ऐकताच तबेल्यातली माणसं घोडे बाहेर काढून उभी राहायची. पुढे पुढे तर चारही घोडे एक-दोन मिनिटांत बदलले जाऊ लागले.

हे घोडे टपाल खात्याचे नसायचे. घोडे आणि गाडीवान ठेकेदार पुरवायचे आणि त्यातले बरेचसे ठेकेदार म्हणजे रस्त्यालगतच्या सरायांचे, 'कोचिंग इन'चे मालक. गाडीवर टपाल खात्याचा नोकर एकच, गार्ड. त्याच्याजवळ बंदूक, पिस्तुलं, शिंग आणि कुलूपबंद पेटीतलं घड्याळ असायचं. तेव्हा प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती. ब्रिस्टलची वेळ लंडनच्या सुमारे १० मिनिटं मागे. हा फरक भरून निघावा म्हणून घड्याळ मुद्दाम थोडं पुढे किंवा मागे पडेल असं लावलं जायचं.

गावांना काय मिळालं?

रोजगार. सराईची उंच कमान, आत अंगण, मागे तबेले. त्याभोवती नालबंद, खोगीर बनवणारे, गवत-दाणा विकणारे शेतकरी, स्वयंपाकी, मोलकरणी अशी सगळी साखळी उभी राहिली. लंडन-यॉर्क रस्त्यावरच्या स्टॅमफर्ड या बाजारपेठेच्या गावात 'द जॉर्ज' नावाची सराई होती. टपालाच्या आणि खासगी मिळून दिवसाला ४० गाड्या तिथे थांबायच्या. २० लंडनकडे जाणाऱ्या, २० यॉर्ककडे. दोन्हीकडच्या प्रवाशांना बसायला वेगवेगळ्या खोल्या होत्या.

मग हे संपलं कसं?

१८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेने टपाल न्यायला सुरुवात केली. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला आणि १६ तासांचा प्रवास चार-साडेचार तासांवर आला. लंडनहून सुटणारी शेवटची मेल कोच १८४६ मध्ये बंद झाली. शेकडो घोडे बाळगणारे लंडनचे बडे ठेकेदार विल्यम चॅप्लिन यांनी वारं ओळखलं. त्यांनी पैसा रेल्वेत घातला आणि ते एका रेल्वे कंपनीचे अध्यक्षही झाले. आडगावच्या नालबंदाकडे असा पर्याय नव्हता. इंजिनाला दर १५ किलोमीटरवर थांबायची गरज नव्हती आणि या गावांची कमाई तर त्या थांब्यावरच होती.

उत्तरेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग स्टॅमफर्डला वळसा घालून पीटरबरोवरून गेला. गावाची वाढ मंदावली, त्यामुळे जुनी दगडी घरं पाडून नवी बांधायची वेळही फारशी आली नाही. १९६७ मध्ये हेच स्टॅमफर्ड इंग्लंडमधलं पहिलं 'संवर्धन क्षेत्र' ठरलं. 'द जॉर्ज' आजही हॉटेल म्हणून सुरू आहे. रस्त्यावर आडवी पसरलेली तिची पाटी आणि 'लंडन' व 'यॉर्क' अशी नावं असलेल्या त्या दोन खोल्या आजही तिथे पाहायला मिळतात.