निगेटिव्हचा धनी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणारा रस्ता सातपूरवरून जातो. एके काळी शेतीवाडीचे गाव असलेल्या या सातपुरात आज औद्योगिक वसाहत पसरली आहे, आणि तेथे लेथवर उभा राहणारा कारागीर आपण कातलेल्या सुट्या भागावर मालकी सांगत नाही. पगार हाती पडला की त्या वस्तूशी आपला संबंध संपला, असे तोही मानतो आणि मालकही मानतो. या रस्त्याच्या एका टोकास, त्र्यंबकेश्वरी, 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या आणि दुसऱ्या टोकास, नाशकात, 16 फेब्रुवारी 1944 रोजी निवर्तलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटकलेलाही तत्कालीन कायदा हाच न्याय लावीत होता. दादासाहेबांच्या उत्तरायुष्यातील विपन्नतेची कारणमीमांसा करताना कलावंताच्या अव्यवहारीपणाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे जी सोयीस्कर प्रथा पडली आहे, ती या बाबीकडे सहसा लक्ष देत नाही.

वास्तविक भांडवलदाराशी बिनसण्याचा अनुभव त्यांना चित्रपटाच्या आधीच आला होता. रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी जर्मनीची वारी करून त्यांनी नावारूपास आणलेल्या ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’मध्ये भागीदारांशी मतभेद झाले, आणि फाळके आर्थिक मोबदला न घेताच बाहेर पडले. पुढे विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून जो ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर आला, त्यात काम करणाऱ्या मंडळींनी, कोणी विचारल्यास, आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असे सांगावे, अशी त्यांची सूचना असे. नाटकात काम करणेही जेथे कमीपणाचे, तेथे सिनेमाचे नाव कोण घेणार! त्या फॅक्टरीचा मालक, यंत्रज्ञ, छायाचित्रकार आणि दिग्दर्शक एकच इसम होता, तोवर हक्काचा प्रश्नच उपस्थित झाला नाही.

तो उपस्थित झाला नाशकात. महायुद्धाच्या ओढाताणीतून 1917 चा ‘लंका दहन’ निघाला, त्याने अपार धन मिळविले, आणि त्या यशाच्या सुगंधाने भांडवल आपल्या पायांनी चालत आले. 1 जानेवारी 1918 रोजी ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर प्रभृती अन्य भागीदार, आणि फाळके ‘कार्यकारी’ भागीदार. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ गाजले, तिजोरी भरली, आणि खर्चाचा हिशेब व कारभाराची मुखत्यारी यांवरून खटके उडू लागले. फाळके राजीनामा देऊन काशीस गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ नाटक लिहीत बसले. चित्रपट मात्र कंपनीकडेच राहिले.

राहणारच होते. 1914 च्या कायद्याने हिंदुस्थानास लागू झालेल्या 1911 च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात चित्रपटास स्वतंत्र कृती म्हणून स्थानच नव्हते. तो अंशतः नाट्यकृती, अंशतः छायाचित्रांची मालिका. छायाचित्राविषयीची तरतूद तर मोठी स्पष्टवक्ती होती: निगेटिव्ह तयार होते वेळी ती ज्याच्या मालकीची, तोच तिचा कर्ता समजला जाई. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, उलट करार नसल्यास, धन्याचा. अर्थात फाळके दिवाणी दाव्याच्या वाटेला गेले असते तरी त्यांच्या पदरात फारसे काही पडले असते असे मला वाटत नाही. 1922 मध्ये ते नाशकात परतले ते त्याच कंपनीच्या चाकरीत.

‘गंगावतरण’ हा 1937 चा बोलपट त्यांचा अखेरचा. पुढे भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात व्ही. शांताराम यांनी वर्गणीचे आवाहन केले, जमलेली रक्कम तोकडी पडताच ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या पैशाने ती पुरी केली, आणि नाशकाच्या गोळे कॉलनीत दादासाहेबांस बंगली मिळाली. शांतारामांचे औदार्य निर्विवाद. परंतु ज्या धंद्याचा पाया या गृहस्थाने घातला, त्या धंद्यास त्याचे देणे वर्गणीने फेडावे लागले, कारण तगादा लावता येईल असा त्याचा एकही हक्क दस्तऐवजांत उरला नव्हता.

स्वातंत्र्योत्तर 1957 च्या कायद्याने चित्रपटास स्वतंत्र स्थान दिले, पण ज्याच्या पैशाने चित्रपट झाला तोच पहिला मालक, हे जुने सूत्र कायम ठेवले. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात, मोबदला घेऊन निर्मात्यासाठी रचलेल्या संगीताचा हक्क, विपरीत करार नसल्यास, निर्मात्याचा ठरविला. गायकाच्या हाती काहीच उरत नाही, ही खंत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणात नोंदविली. गाण्याची बिदागी घेतली की व्यवहार संपला, की रेकॉर्ड विकली जाईतो गायकाचा वाटा चालू राहावा, या प्रश्नावरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनी साठच्या दशकात काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले होते, हे येथे आठवावे. गायकांस कलाविष्काराचा हक्क 1994 मध्ये मिळाला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा 2012 च्या दुरुस्तीने असा पक्का केला की तो त्यांस लिहून देऊन सोडताही येऊ नये. फाळके ज्या वर्गातले, त्या दिग्दर्शकास निर्मात्याच्या जोडीने चित्रपटाचा कर्ता मानावे, अशी तरतूद याच दुरुस्तीच्या 2010 च्या विधेयकात होती. मंजूर झालेल्या कायद्यात ती उतरली नाही.