व्यसनमुक्ताचें छायाचित्र

अमरावती-अकोल्याकडे गाडगेबाबांची तसबीर लहान पोरहि ओळखतें. चिंध्यांचा अंगरखा, हातांत काठी, मडक्याचें खापर आणि एका कानांत कवडी, एवढ्या खुणा पुरतात. परंतु ज्या माणसांसाठीं बाबांनीं आपला देह झिजविला, ज्यांच्या तोंडची दारू त्यांनीं सोडविली, तीं माणसें कोणत्या तसबिरींत आहेत? व्यसनमुक्तीचा वऱ्हाडांतील इतिहास असा एकाच चेहऱ्याचा कां राहिला, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परटाच्या घरीं झाला. वडील झिंगराजी दारूपायीं संसार गमावून बसले आणि देबूजी लहान असतांनाच वारले. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापुराजवळ दापुऱ्यास भावाच्या आश्रयाला गेली. त्या काळीं कॅमेरा खेड्यांतील परटाच्या दारीं येत नसे. झिंगराजीचा चेहरा त्याच्याबरोबरच गेला. पुढें देबूजीला मुलगी झाली, तेव्हां बारशाला मटण व दारू देण्याची जातीची रीत मोडून त्यानें गोडाचें जेवण वाढलें. दारूच्या इतिहासांत कायदे पुष्कळ सांपडतात. मध्यप्रांत-वऱ्हाडांतहि १९३८ सालीं दारूबंदीचा कायदा झाला. पण या एका पंगतीची किंमत त्या कायद्याहून कमी लेखतां येणार नाहीं.

१९०५ सालीं घर सोडल्यावर बाबांनीं कीर्तनाला वेगळेंच वळण दिलें. प्रश्न आपण विचारावा आणि उत्तर समुदायाकडून वदवून घ्यावें, ही त्यांची रीत. दारू पिणाऱ्याच्या बायकापोरांचे काय हाल होतात, तें ऐकणाऱ्यांनींच बोलून दाखवावें. गांवांत पिणारा कोण, हें गांवाला ठाऊकच असतें. त्यामुळें त्याला कोणी बोट दाखविण्याची गरज नसे. कीर्तन संपलें कीं माणूस अंधारांत आपल्या घरीं जाई. छायाचित्राचें तसें नाहीं. माणूस पालटला तरी तें पालटत नाहीं, आणि ज्यांनीं त्याला कधीं पाहिलें नाहीं त्यांच्याहि हातीं पडतें.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची आहे. अधःपात डोळ्यांना दिसतो, सुधारणा दिसत नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकानें हेरॉइनच्या आहारीं गेलेल्या न्यूयॉर्कमधील एका तरुण जोडप्याचीं बिल एप्रिज यांनीं काढलेलीं चित्रें छापलीं आणि तीं जगभर गाजलीं. पण दारू सोडलेला शेतकरी अकोल्याच्या कापूसबाजारांत बैलगाडीशेजारीं उभा असला, तर तो चारचौघांसारखाच दिसणार. मग ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी चित्रांची जोडी लावण्याचा मोह होतो. लंडनच्या डॉ. बर्नार्डोंनीं अनाथ मुलांचीं अशीं जोडचित्रें विकलीं. मुलांचे कपडे मुद्दाम अधिक फाटके दाखविले, असा त्यांच्यावर आरोप आला आणि १८७७ सालीं लवादानें त्या प्रथेला दोष दिला. हेतु चांगला होता. पण दया विकत घ्यावयाची म्हटली कीं दुःख थोडें वाढवून दाखवावें लागतें.

अमेरिकेंत १९३५ सालीं निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या मंडळीनें तर वृत्तपत्रें, नभोवाणी व चित्रपट यांपुढें सभासदाचें नांव येऊं नये, असा दंडकच घातला व १९५० सालीं तो विधिपूर्वक स्वीकारला. त्यांच्या आरंभकाळचा अतिप्रसिद्ध प्रसंग, रुग्णशय्येवरील मद्यपी आणि त्याच्याशीं बोलत बसलेले दोन माजी मद्यपी, हा १९५५ सालीं त्यांच्या मासिकांत आला तो रंगविलेल्या चित्राच्या रूपानें.

महाराष्ट्रांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें, १९८६ सालीं पुण्यास येरवड्याला ‘मुक्तांगण’ काढलें. त्याआधीं अवचटांनीं गर्दच्या व्यसनाचा जो माग घेतला तो लेखणीनें. लेखणीला नांव बदलतां येतें. भिंगाला तें साधत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अमली पदार्थांच्या सेवनांतून उद्भवणारे मनोविकार आपल्या कक्षेंत घेतले असून, उपचार घेणाऱ्याचें छायाचित्र त्याच्या संमतीवांचून प्रसिद्धिमाध्यमांस देण्यास मनाई केली आहे. ही संमति नीट घ्यावयाची तर ती नशा उतरल्यावर, घरची माणसें जवळ असतां घ्यावी, आणि पुढें ती मागें घेण्याची मोकळीकहि ठेवावी. छायाचित्रकाराला हें जाचक वाटेल. पण ज्याच्या मुलीचें लग्न ठरावयाचें आहे त्याला तें जाचक वाटणार नाहीं.

१९५६ च्या नोव्हेंबरांत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारांत झालेलें बाबांचें कीर्तन ध्वनिमुद्रित करण्यांत आलें. २० डिसेंबर रोजीं अमरावतीच्या वाटेवर, वलगांवजवळ पेढी नदीपाशीं बाबांचें देहावसान झालें. त्या ध्वनिफितींत ‘गोपाला गोपाला’चा गजर होतो आणि समोरचा समुदाय त्याला साथ देतो. त्या आवाजांत कोणाचेंच नांव वेगळें काढतां येत नाहीं.