श्रीपत कुठल्या मंडळीतला?

गेल्या वर्षी एका मित्राबरोबर गिरगावातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेलो होतो. आत जायला कुणी अडवलं नाही. मित्राच्या मावशींनी गीतांचं पुस्तकही हातात ठेवलं. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र मी बाकावर बसून राहिलो. पाहुणा असणं आणि 'मंडळी'तला असणं, यांतलं अंतर चार पावलांचं. १८४३ साली मुंबईत तेच अंतर किती महाग होतं, हे नंतर वाचनात आलं.

जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९मध्ये मुंबईत आले. दोन वर्षांत त्यांनी प्रेस्बिटेरियन पद्धतीची छोटी एतद्देशीय मंडळी उभी केली. प्रेस्बिटर म्हणजे वडील. या पंथात बिशप नसतो. पाळक आणि मंडळीतले वडील मिळून कारभार बघतात. नव्या माणसाला पारखून आत घेणं किंवा चुकलेल्याला बाहेर ठेवणं, तेही त्यांच्याच हाती. जातपंचायत ठाऊक असलेल्या मुंबईकराला ही रचना फार परकी वाटली नसावी.

विल्सनच्या शाळेत इंग्रजी शिकायला मुलं पाठवणं लोकांना चालत होतं. १८३९मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि गहजब झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सोळा-सतरा वर्षांचा धनजीभाई आपलं आपण ठरवू शकतो, असं धरून कोर्टाने त्याला मोकळं सोडलं. शाळेतली पारशी मुलं मात्र निघून गेली.

चार वर्षांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही नेस्बिटकडे राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो तिथे जेवला होता. कोर्टाने त्याला अज्ञान ठरवून वडिलांच्या ताब्यात दिलं. घरी आला, पण जातीत नाही. मंडळीने आत घेतलेलं नाही आणि जातीने बाहेर काढलेलं! आमच्या धंद्यात बदल करण्याआधी मागे फिरायची वाट तयार ठेवतात. इथे ती कुणी आखलीच नव्हती.

ती आखायला पुढे झाले 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं, असा त्यांचा आग्रह. सनातनी शास्त्री उलटले, मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. खुद्द बाळशास्त्रींना टीका सोसावी लागली, तरी त्यांनी श्रीपतला परत जातीत आणलंच.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी नेस्बिटनीही आपली मंडळी बदलली. पाळक मंडळीने निवडायचा की जमीनदाराने लादायचा, या वादातून मे १८४३मध्ये एडिंबरात स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडून फ्री चर्च निघालं. विल्सन, नेस्बिट तिकडे गेले. मिशनच्या मालमत्तेवर त्यांना पाणी सोडावं लागलं. पण कुणाच्या हातचं जेवलात, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवलं, १८७३मध्ये न्यूयॉर्कला जाऊन भाषण केलं. श्रीपत भेटतो तो बाळशास्त्रींच्या चरित्रांत, बहुतेकदा 'श्रीपत शेषाद्री प्रकरण' या मथळ्याखाली.